दुसरी पोस्ट

माझी भाची विद्यालक्ष्मी लग्नाला गेली की नवरा-नवरीकडे बघत नाही. मांडवात उंच मुलगी कुठे बसली आहे ते बघते. आधी मनगट, मग पाऊल, मग गुडघ्यापासून घोट्यापर्यंतचं अंतर. तिचा नवरा गुरुमूर्ती शेजारून कोपर मारतो, तरी ती उठते आणि दाराशी जाऊन त्या मुलीच्या चपला बघून येते. दोन वर्षांपूर्वी मैलापूरच्या एका लग्नात तिनं अशीच एकीची चौकशी केली. कुणाची, काय शिकते, वाढ थांबली की चालू आहे. आठ दिवसांनी त्या मुलीची पत्रिका घरी आली. विद्याला मुलगा नाही. तिनं पत्रिका परत पाठवली आणि सोबत चिठ्ठी लिहिली की पत्रिका नको, बुटाचा नंबर कळवावा.

ते लोक आता समोरून आले तर रस्ता बदलतात.

विद्या उत्तर चेन्नईतल्या मुलींच्या एका कॉलेजात बास्केटबॉल शिकवते. वय एकोणपन्नास, उंची पाच फूट दोन इंच. आम्ही तंजावरकडचे. तिचे वडील कारकून होते, ती सहा वर्षांची असताना सगळे चेन्नईत पेरांबूरला आले. शाळेत ती संघातली सर्वांत बुटकी. बुटक्या मुलीचं काम चेंडू पुढे आणून देण्याचं. ते तिनं अकरा वर्षं केलं, आधी शाळेकडून, मग कॉलेजकडून. खेळ सुटला आणि काही वर्षांनी शिकवणं सुरू झालं. त्यालाही आता एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत मी तिला मैदानावर बसलेली पाहिलेली नाही. तिच्या नावाची खुर्ची आहे, तिच्यावर पाण्याच्या बाटल्या असतात.

मी तिचा मामा. चेन्नईबाहेर गुम्मिडिपूंडीला ओतकामाच्या कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होतो. निवृत्त झाल्यावर तिच्या मैदानावरच्या रिंगा, बोर्ड आणि जाळ्यांची कामं करतो. म्हणून पुढचं सगळं मी जवळून पाहिलं. काही ठिकाणी चूक माझीही आहे, तीही सांगतो.

इथले खेळाडू रिंगखाली उभ्या राहणाऱ्या उंच खेळाडूला पोस्ट म्हणतात. पुढच्या पोरीला पाठ लावून जागा धरायची, धक्के खायचे, वर उडालेला चेंडू खाली येताना पकडायचा, हे पोस्टचं काम. विद्याच्या संघात पोस्ट एकच, रंजनी. पाच फूट अकरा इंच, मनानं चांगली, पण फाउल फार करते. पाच फाउल झाले की खेळाडू बाहेर. गेल्या वर्षी अंतिम सामन्यात सात मिनिटं उरली असताना रंजनीचा पाचवा फाउल झाला. तेव्हा आमचा संघ नऊ गुणांनी पुढे होता. रंजनी बाहेर बसली आणि समोरच्यांनी दुसरं काही केलंच नाही. रिंगखाली चेंडू द्यायचा आणि टाकायचा. आमच्या पोरी त्यांच्या खांद्याला लागत होत्या. सहा गुणांनी हरलो.

परतीच्या बसमध्ये पोरी रडत होत्या. विद्या दांडी धरून उभी होती. मला म्हणाली, एक पोस्ट म्हणजे पोस्टच नाही.

पण दुसरी आणायची कुठून? सरकारी क्रीडा वसतिगृहांतल्या उंच मुली बारावीच्या आधीच मोठी कॉलेजं बोलून ठेवतात. ती राहायला देतात, खायला देतात, बूट देतात. विद्याच्या हातात फी माफ असलेल्या दोन जागा आणि कँटीनमधलं दोन वेळचं जेवण, एवढंच. खेळलेली पोर तिला मिळणं शक्य नव्हतं. तेव्हा तिनं न खेळलेल्या उंच मुली शोधायला सुरुवात केली. बसथांबे पाहिले. देवळांतल्या रांगा पाहिल्या. पेरुंगुडीला एका ऑफिसच्या दारात सुरक्षारक्षक मुलगी उंच आहे असं कळलं, तर दोन गाड्या बदलून गेली. ती मुलगी पायरीवर उभी होती. पायरीखाली आली तेव्हा पाच फूट सहा.

मे महिन्यात मला जुन्या कारखान्यातल्या सोबत्याचा फोन आला. भट्टीवर कोल्हापूरकडचा एक माणूस आहे, विजयकुमार चौगुले. पाच वर्षांपूर्वी इकडे आला. त्याची मुलगी स्टूल न घेता बल्ब बदलते. मी विद्याला सांगितलं. ती जेवत होती. ताट तसंच ठेवून चप्पल घालायला गेली.

चौगुल्यांचं घर म्हणजे कारखान्यामागच्या वस्तीत पत्र्याच्या दोन खोल्या. मुलगी भव्या, नुकतीच बारावी झालेली. दारातून आत येताना खांदे आवळून, मान खाली घालून आली. दार पुरेसं उंच होतं, तरी तशीच आली. विद्यानं आधी पंखा बंद करायला सांगितला. मग म्हणाली, टाचा न उचलता हात वर कर. भव्यानं हात वर केला आणि तळवा छपराच्या आडव्या लोखंडी दांडीवर टेकवला. मी नंतर टेप लावून मोजलं. सात फूट अकरा इंच. विद्या खोलीतल्या खोलीत दोन फेऱ्या मारून आली.

मग बोलणं झालं. ते जसं झालं तसं लिहितो, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं.

विद्या म्हणाली, "माझ्याकडे दुसरी पोस्ट रिकामी आहे. वर्षभर हुडकत्यें. तुमच्या लेकीला देत्यें."

विजयकुमारनं बायकोकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. "कॉलेजात?"

"कॉलेजातच. पहिली पोस्ट रंजनीकडे आहे. तिला एकटीला निभत नाही."

"खेळाच्या कोट्यातनं?"

"होय, खेळाच्या कोट्यातून. शिक्षण सोबतच होईल, तीन वर्षं. फी नाही. दोन वेळचं जेवण."

"आन टायमिंग?"

"सकाळी सहा ते आठ. सांजेला चार ते सहा."

"परमनंट व्हईल का, मॅडम?"

विद्यानं थोडा विचार केला. "मेहनत केली तर होईल. मेहनत करणारीची पोस्ट मी कोणाला काढू देत नाही."

कॉलेज सरकारी आहे का, एवढं त्यानं आणखी विचारलं. विद्या म्हणाली, सरकारी अनुदानाचं आहे. भव्याच्या आईनं मला हळूच विचारलं, की या बाई कुठल्या, बोलणं पोथीतल्यासारखं वाटतं. मी सांगितलं की आम्ही तंजावरचे मराठी, तीनशे वर्षांपूर्वीची भाषा घेऊन बसलोय. ती हसली आणि चहा ठेवायला गेली.

मी तिथेच बसलो होतो. चौतीस वर्षं कारखान्यात काढली. खेळाच्या कोट्यातून रेल्वेत, पोलिसांत, बँकेत लागलेली माणसं पाहिली. तिकडच्या माणसाला पोस्ट म्हटलं की काय ऐकू येतं हे मला कळायला हवं होतं. माझं लक्ष त्या दांडीच्या उंचीकडे होतं.

विजयकुमारनं तीनच दिवसांत कळवलं की मुलगी येईल. जूनपासूनच्या कामासाठी तिची मोबाइल जोडण्याच्या कारखान्यात निवड झाली होती, बसचा पासही आला होता. ती जागा त्यानं सोडून दिली. हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं.

जूनच्या मध्यावर भव्या मैदानावर आली. पहाटेची गाडी पकडून यायची. पहिले बारा दिवस विद्यानं तिला चेंडू दिला नाही. पाय आधी, म्हणाली. सिमेंटच्या मैदानावर खडूनं चौकोन आखला आणि भव्याला त्यात गुडघे वाकवून बाजूला सरकायला लावलं, डावीकडे चाळीस, उजवीकडे चाळीस. भव्या पाठीतून वाकायची. विद्या तिच्या पाठीवर काठी आडवी धरायची. ताठ राहा, वाक गुडघ्यातून. पोरी तमिळमध्ये हसायच्या. जननी नावाची एक पाच फूट आठची पोर म्हणाली, मिस, हिला आधी उघडायला शिकवा, ही घडी घालून ठेवलेली आहे. भव्यालाही हसू आलं. तिची तमिळ त्यांच्याइतकीच चांगली होती.

काम करणाऱ्या माणसाला मी दोन गोष्टींवरून ओळखतो. एक, सांगितलेली मोजणी तो पुरी करतो का. दोन, कोणी बघत नसताना करतो का. भव्या दोन्ही करायची. हात चांगले होते, चेंडू हातात आला की सुटत नव्हता. पाय जड होते. पाच आठवड्यांत ती पाठ लावायला शिकली आणि वर उडून चेंडू धरायला शिकली. टाकायला नाही शिकली. विद्या म्हणायची, दोन गोष्टी आल्या, उदंड झालं, तिसरी दिवाळीनंतर.

जुलैच्या शेवटी रंजनी उडी मारून वाकडी उतरली. गुडघा सुजला. डॉक्टर म्हणाले, एका वेळी दहा मिनिटं, त्यापुढे नाही. पहिला सामना दोन आठवड्यांवर होता. मग भव्याचे चाळीस साठ झाले.

सामना सोमवारी होता. त्याआधीच्या गुरुवारी, संध्याकाळच्या सरावाला विजयकुमार आला. कामावरून थेट आला होता, भट्टीची काजळी कानामागे तशीच होती. हातात पेढ्यांचा पुडा. गावाकडून थोरल्या भावानं, आप्पानं पाठवला म्हणाला. मी शिडीवर होतो, बोर्डाचा बोल्ट घट्ट करत होतो. विद्या खालीच उभी होती.

त्यानं नम्रपणे विचारलं, "मॅडम, ऑर्डर निघाली का? दोन म्हयनं झालं. आप्पा गावाकडनं रोज इचारत्यात."

"कसली ऑर्डर?"

"पोस्टची."

विद्यानं शिट्टी तोंडातून काढली. मी पाना बोल्टवर तसाच धरून राहिलो. पलीकडच्या रिंगखाली भव्या उभी होती. तिनं बापाला पाहिलं होतं, तरी आमच्याकडे पाठ केली आणि चेंडू आपटत राहिली.

विजयकुमार बोलतच होता. आप्पानं गावात पेढे वाटले, पोरगी चेन्नईला कॉलेजात पोस्टवर लागली म्हणून. मोबाइल कारखान्यातून पुन्हा फोन आला होता. दुसरी तुकडी सोमवारी सकाळी घेणार आहेत, येते का विचारत होते. मी सांगणार आहे न्हाई म्हणून, तो म्हणाला. दोन दगडांवर पाय ठेवायचे नाहीत.

विद्या म्हणाली, "अजून काही कळवू नका त्यांना. मी शनिवारी घरी येत्यें. बोलत्यें."

तो गेला. विद्यानं सराव पुरा घेतला. एक मिनिटही कमी केलं नाही. मग पोरी गेल्यावर माझ्या शिडीला धरून उभी राहिली. मामा, म्हणाली, मी काय बोलल्यें त्या दिवशी? मी आठवून सांगितलं, शब्दाला शब्द. तिला ते दोनदा ऐकायचं होतं.

आता हिशेब सरळ होता. शनिवारी खरं सांगितलं तर बाप सोमवारी मुलीला कारखान्याच्या बसमध्ये बसवणार, आणि त्याच सकाळी आमचा सामना. मंगळवारी सांगितलं तर सामना झालेला असणार आणि तुकडी गेलेली असणार. मग मुलीला इथेच राहावं लागणार. मी म्हणालो, मंगळवारी सांग. चार दिवसांनी कोणाचं काय बिघडतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "ओतलेला भाग आत पोकळ आहे हे ठाऊक असून तुम्ही पुढे पाठवला असता, मामा?"

मी शिडी उचलली आणि घरी गेलो.

शुक्रवार तिनं कसा काढला ते सांगतो. सकाळी जननीला बोलावून रिंगखाली पाठ लावायला शिकवलं. पाच फूट आठला ते येत नाही, आलं तरी टिकत नाही. तरी दोन तास शिकवलं. मग रंजनीचा गुडघा बघून आली. मग वर्ग घेतले. जेवण ओट्याशी उभ्यानं. गुरुमूर्ती म्हणाला, बस तरी, तर ती म्हणाली, बसल्यें की वाटतं कुठंतरी कोणी वाट बघतंय. दुपारी ती एकटीच लोकल धरून गुम्मिडिपूंडीला गेली. स्टेशनवर उतरली, बाहेरच्या चहाच्या दुकानापर्यंत चालली, आणि परतीच्या गाडीत बसली. हे तिनं मला स्वतः सांगितलं. शनिवार कबूल केलाय, विजयकुमार कामावर असणार, बायकोला एकटीला सांगणं बरं नाही, अशी कारणं दिली. कारणं खरी होती. पण ती त्यासाठी परतली नव्हती.

शनिवारी आम्ही दोघं गेलो. तिनं चहा येऊ दिला नाही. दारात चप्पल काढता काढताच बोलायला लागली.

म्हणाली, पोस्ट म्हणजे नोकरी नव्हे. खेळातल्या जागेचं नाव आहे. पगार नाही, ऑर्डर नाही, परमनंट काही नाही. फी माफ आणि जेवण, हे मात्र खरं. चूक माझी. मी विचारायला हवं होतं की तुम्हाला काय समजलं.

विजयकुमार पलंगावर बसला होता. त्यानं हाताचे पंजे उलटे करून पाहिले. भव्याची आई बोलली.

"मग पोथीतलं कशाला बोलायचं? सरळ म्हणायचं की पोरगी द्या खेळायला. आमी काय ते बघितलं असतं."

"बरोबर आहे," विद्या म्हणाली.

"बरोबर हाय म्हणून मोकळ्या झाला. हिकडं बस गेली आमची."

"बस सोमवारी आहे. म्हणून आज आल्यें."

मग विजयकुमारनं विचारलं, खेळून पुढे काय होतं. विद्यानं सांगितलं, एकोणीस वर्षांत माझ्या चार मुली नोकरीला लागल्या, खेळामुळे. तिघी रेल्वेत, एक पोलिसांत. त्यानं विचारलं, आणि बाकीच्या? बाकीच्या शिकल्या, कामाला लागल्या, लग्नं झाली. दोघी माझ्याशी अजून बोलत नाहीत, हेही तिनं सांगितलं. ते कोणी विचारलं नव्हतं.

तेव्हा आतल्या खोलीच्या दारातून भव्या म्हणाली, "मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं."

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"जननीनं विचारलं, तू कुठली पोस्ट, हाय पोस्ट का लो पोस्ट, म्हणजे रिंगपासून लांबची का रिंगखालची. तेव्हाच कळलं."

आई म्हणाली, आणि घरात सांगितलं नाहीस? ती म्हणाली, सांगितलं असतं तर मोबाइलच्या कारखान्यात धाडलं असतं. तिथं दहा तास खाली मान घालून बसायचं असतं. मी बघून आले होते.

मला वाटलं विद्या या बोलण्यावर सुखावेल. ती चिडली. "मला तरी सांगायचंस. दोन महिने तुझे वडील लोकांना तोंड दाखवतायत, ते माझ्या शब्दावर. आणि तू चेंडू आपटत उभी होतीस गुरुवारी."

भव्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही आणि दारातून हललीही नाही.

विजयकुमार पहिल्यांदा मोठ्यानं बोलला. पोरगी खेळेल की जोडकाम करेल ते पुढचं. आप्पाला काय सांगू? आख्ख्या भावकीत पेढे वाटलेत त्यानं. मी सांगितलं तर म्हणेल, तुला विचारायची अक्कल नव्हती. विद्या म्हणाली, मी सांगत्यें. लावा फोन.

आप्पाजी चौगुले, वय सत्तरच्या पुढे, कागलजवळच्या एका गावी. कानानं कमी. फोन स्पीकरवर ठेवला. विद्यानं नाव सांगितलं, भव्याला शिकवत्यें म्हणाली.

"मी उदंड अपराधी आहे तुमची. भव्याला दिली ती पोस्ट नव्हे."

"नव्हे?" पलीकडून आवाज आला. "मग त्याच्या वरची?"

"वरची नव्हे. नोकरीच नव्हे ती."

"नोकरी न्हाई. म्हंजे मानाची जागा."

विजयकुमारनं हातानं खूण केली, असू द्या, एवढ्यावर ठेवा. बायकोनंही मान हलवली. मानाची जागा ही चांगली गोष्ट होती. त्यात गावातला मानही राहत होता आणि भावकीतलाही. मला विचाराल तर मीही तिथे थांबलो असतो.

विद्यानं फोन दुसऱ्या हातात घेतला. "मानाचीही नव्हे, आप्पा. खेळात रिंगेखाली उभं राहायचं. धक्के खायचे. पगार नाही. मी पोस्ट म्हणाल्यें, तुमच्या भावाला नोकरी वाटली. चूक माझी, त्यांची नव्हे."

फोन कटला की काय म्हणून विजयकुमार उठला.

"पगार न्हाई?" पलीकडून आप्पानं विचारलं.

"नाही."

"मग मी पेढं कशाचं वाटलं?"

"माझ्या चुकीचे वाटले तुम्ही."

"वाटल्याला पेढा माघारी कसा मागू आता? खाल्ला लोकांनी." मग खोकला. मग विचारलं, "उंची किती झाली तिची?"

"सहा फूट."

"अगं आई. हितं एवढा नवरा कोण बघून देणार हाय तिला? असूंदे तिकडंच. खेळूंदे." आणि फोन ठेवला.

खोलीत कोणी हसलं नाही. भव्याच्या आईनं पदर तोंडाला लावला, तो हसण्यासाठी की कशासाठी, सांगता येणार नाही. शुक्रवारपासून विजयकुमारची दुसरी, दुपारची पाळी होती. त्यानं डबा घेतला. दारात थांबून विद्याला म्हणाला की आयुष्यभर भट्टीवर काम केलं. काम घेताना आधी विचारतो, काम काय आहे. पोरीच्या वेळी विचारलं नाही, पोस्ट ऐकून गप्प बसलो. मग भव्याकडे न बघता म्हणाला, सोमवारी बस आहे आणि गाडीही आहे, तुझं तू बघ. आणि गेला.

भव्यानं विद्याला एकच गोष्ट विचारली. रंजनी अक्काचा गुडघा बरा झाला तर मला बसवणार का?

मी मनातल्या मनात म्हणालो, आता तरी गोड बोल.

"बसवणार," विद्या म्हणाली. "ती तुझ्याहून चांगली आहे. तू तिच्याहून चांगली झालीस तर तिला बसवीन."

परतीच्या लोकलमध्ये जागा होती. विद्या दाराशी उभी राहिली, मिंजूरपर्यंत, मग पुढेही. रविवारी तिनं भव्याला फोन केला नाही. तो करणं म्हणजे ढकलणं, असं तिचं म्हणणं. पण फोन दिवसभर हातात होता. पूजा करतानाही होता. गुरुमूर्तीनं दोनदा काढून ठेवला, दोनदा तिनं घेतला.

सोमवारी सामना दुसऱ्या कॉलेजच्या मैदानावर, सकाळी नऊला. आठ वाजता संघाची यादी द्यायची होती. विद्यानं पाऊण तास आधी अकरा नावं लिहिली आणि बारावी ओळ मोकळी ठेवली. आठला पाच कमी असताना कागद घेऊन टेबलाशी गेली. तिथल्या माणसानं विचारलं, बारावी कोण? ती म्हणाली, दोन मिनिटं. त्यानं घड्याळ दाखवलं.

भव्या फाटकातून पळत आली. पहिली गाडी चुकली होती, दुसरीनं आली. आई स्टेशनपर्यंत सोडायला आली होती म्हणाली. बाप शनिवारपासून बोलला नव्हता. विद्यानं नाव लिहिलं आणि म्हणाली, पाय गरम कर, फार उशीर केलास.

रंजनी दहा मिनिटं खेळली. मग भव्या. पहिल्याच चेंडूला तिनं जागा बरोबर धरली, आणि समोरच्या पोरीनं चेंडू टाकायला हात वर करताच भव्यानं वरून फटका मारला. फाउल. तीन मिनिटांत दुसरा, तसाच. विद्या बाजूच्या रेषेवरून ओरडत होती, हात वर ठेव, खाली आणू नकोस. भव्याला कळत होतं, हाताला कळत नव्हतं. तिसरा झाल्यावर तिला बसवलं, रंजनीला आत घेतलं. मग पुन्हा तिला. एकूण तेरा मिनिटं खेळली. खाली येणारे सात चेंडू धरले. दोन वेळा चेंडू न आपटता हातात घेऊन चालली, तोही नियमभंग. चार फाउल. चार गुण, तेही फाउलवर मिळालेल्या फेकीतून. सामना आम्ही तीन गुणांनी जिंकलो. शेवटच्या काही मिनिटांत दोघी पोस्ट आळीपाळीनं आत होत्या, एक खेळली, एकीनं दम घेतला. गेल्या वर्षी हेच नव्हतं.

पोरी नाचल्या. विद्या यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला काहीतरी लिहीत होती.

मंगळवारी दुपारी ती मला घेऊन गुम्मिडिपूंडीला गेली, कारखान्याच्या फाटकाशी, पाळी बदलण्याच्या वेळी. विजयकुमार आत जायला आला. आम्हाला पाहून थांबला, पण जवळ आला नाही. विद्या गेली. तिनं कागद काढला आणि वाचून दाखवला. किती मिनिटं, किती चेंडू धरले, किती सोडले, किती फाउल. चांगलं आधी आणि वाईट नंतर असं केलं नाही, जसं घडलं त्या क्रमानं वाचलं. मग खाली बसली आणि मातीत बोटानं मैदान काढलं. इथं रिंग, इथं ती उभी, इथं समोरची. काम हे असं आहे, म्हणाली.

विजयकुमार आधी उभा होता. मग उकिडवा बसला. सोबतीचे लोक बघत बघत आत जात होते.

त्यानं विचारलं, "चार फाउल कशानं?"

विद्यानं आपला हात वर करून दाखवला, आणि तो खाली कसा येतो तेही.

"चारी येळेला तेच?"

"चारी वेळेला."

"पयल्या येळेलाच कसं मोडलं न्हाई?"

"मोडत्यें. वेळ लागतो."

भोंगा झाला. तो उठला, पँटची माती झटकली. "येळ लावू नका," म्हणाला, "हाताची खोड मुरली की निघत न्हाई," आणि आत गेला.